खावटीची सही

बारामती
९ जून २०२५

अब्बा, सलाम.

पाकीट बघून तुम्ही आधी घाबराल, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिते: आसिया ठणठणीत आहे, मीही बरी आहे. परवाच्या ईदच्या तुम्हाला आणि अम्मींना मुबारकबाद. मागचं पत्र अम्मींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी लिहिलं होतं, त्याला दोन वर्षं होत आली.

कचेरीसमोरच्या आमच्या दुकानात दिवसभर झेरॉक्स काढून आणि लोकांचे अर्ज टाइप करून मला एक खोड लागली आहे. कुठलीही गोष्ट पहिल्यापासून मांडल्याशिवाय हात पुढं सरकत नाही. तेव्हा तुम्हाला तोंडपाठ असलेलं पुन्हा लिहिते, कंटाळू नका. तुमच्या मोईनचा आणि माझा तलाक २०१६ साली झाला. आसिया तीन वर्षांची होती. पुढच्या वर्षी बारामतीच्या कोर्टानं तिच्यासाठी महिना दीड हजार रुपये खावटी ठरवली. निकालाच्या कागदावर पोटगी असा शब्द आहे, पण आपल्याकडं पोटगी म्हणतो कोण? मोईननी कोर्टात सांगितलं की मी मिळेल त्या रोजावर जातो. तेव्हा ते खरंही होतं.

पैसे आजवर एकदाही चुकले नाहीत, हे मी कुणाहीपुढं सांगेन. महिन्याच्या महिन्याला येत नाहीत, वर्षाचे अठरा हजार ऑगस्टमध्ये एकदम आसियाच्या खात्यावर पडतात. शेतीच्या घरात पैसा हंगामानंच हलतो, म्हणून मीही कधी कुरकुर केली नाही.

फोन सोडून पत्र का, तेही एकदा लिहून टाकते. माझे भाऊ आरिफभाई आणि मोईन यांनी फोनवर एकमेकांना दिलेल्या शिव्यांचं रेकॉर्डिंग कोर्टात वाजलं, तेव्हा जमातीनं दोन्ही घरांना समोर बसवून ठरवलं की इथून पुढं फोन बंद. काय असेल ते लिहून कळवायचं. बाकीच्यांनी सोय बघून लिहिणंही बंद केलं. पाळणारे आपण दोघंच उरलो.

आता मुद्द्याचं. आसियाला बारा पुरी झाली. येत्या सोमवारपासून सातवीत जाईल. उंचीनं माझ्यावर गेली आहे, माझ्या कानापर्यंत आली. खावटी ठरली तेव्हा ती एका वेळी अर्धी चपाती खायची. आता दीड हजारात शाळेची रिक्षा आणि शिकवणी यांतलं एकच बसतं, म्हणून शिकवणी ठेवली आहे आणि ती पायी जाते. अर्धा तास लागतो. तिची तक्रार नाही, रस्त्यात मैत्रिणी भेटतात म्हणते.

खावटी वाढवून मागायचा अर्ज करता येतो असं ऐकते. त्यासाठी वकील ठेवावा की नको, एवढाच माझ्यापुढं प्रश्न आहे. अजून काहीही ठरवलेलं नाही. तुमच्या दारात पुन्हा कोर्टाचा कागद यावा असं मला वाटत नाही, तुम्हाला न विचारता तर मुळीच नाही. तुमचं मत कळवा.

मोईन आता कुठं कामाला असतात? सहज विचारते.

तुमची
सबिना


बारामती
२ जुलै २०२५

अब्बा, सलाम.

पत्र पोचलं असणार. उत्तर नाही, म्हणजे उसाच्या लागणीची गडबड चालू आहे असं मी धरून चालले आहे. रागावला असाल तर तसं लिहा. रागाचं पत्रही मला चालेल, नुसतं गप्प राहणं चालत नाही.

परवा वकिलांकडं जाऊन आले. नुसतं विचारायला. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस आहे, रेश्मा मॅडम म्हणतात त्यांना सगळे. वयानं माझ्याहून लहान आहेत. झेरॉक्स आमच्याकडून नेतात आणि सुटे नसले की दुसऱ्या दिवशी आठवणीनं आणून देतात, तेव्हा माणूस बरा.

त्यांनी वही उघडून विचारलं, "मागच्या निकालानंतर परिस्थितीत बदल काय झाला?"

मी म्हटलं, "मुलगी मोठी झाली."

"ती सगळ्यांचीच होते, ताई. कोर्टाला कागद लागतो."

मग त्यांनी वहीत तीन गोष्टी लिहिल्या. महागाई वाढली. शिक्षणाचा खर्च वाढला. वडिलांचं उत्पन्न वाढलं. तिसरीपुढं प्रश्नचिन्ह काढून वही माझ्याकडं फिरवली. मी ते चिन्ह बघत बसले. मोईन काय करतात हे मला खरंच माहीत नाही. जमातीचा नियम मी इतका कडक पाळला की माणूस इंदापुरात आहे की पुण्यात, तेही कुणाला विचारलं नाही.

वकील ठेवायलाच पाहिजे असं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. कोर्टात बायकांना मोफत वकील मिळतो. स्वतः अर्ज दिला तरी चालतो, आणि मी तर रोज दुसऱ्यांचे अर्ज टाइप करते. म्हणून घरी न सांगता एकदा बसून बघितलं. वर कोर्टाचं नाव टाइप केलं, खाली अर्जदार म्हणून आसियाचं नाव टाइप केलं, आणि पुढं हात चालेना. लोकांच्या भांडणाची पानंच्या पानं मी चहा पीत टाइप करते, एक वेलांटी चुकत नाही. स्वतःच्या पोरीचं नाव लिहून मशीन बंद केलं. तेव्हा कळलं की वकिलाला माणूस पैसे कशाचे देतो. कायद्याचे थोडे, आणि आपल्याऐवजी दुसऱ्यानं लिहावं याचे जास्त.

आरिफभाईंचं मत तुम्हाला न सांगताही कळलं असेल. "वकील ठेव अन् चांगला दणका दे त्येला." भाईंना दणका हा शब्द फार आवडतो. आजवर त्यांनी दणके दिलेत ते फक्त अडकलेल्या झेरॉक्स मशीनला.

आसियालाही विचारलं. तिच्या नावानं अर्ज जाणार, तर तिला कळायला हवं.

ती म्हणाली, "माझं नाव वर येणार?"

"हो."

"आणि खाली पप्पांचं?"

"हो."

"मग मधे विरुद्ध लिहितात ना? दुकानात बघितलंय मी."

मी हो म्हटलं. तिनं हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, दादांना विचार, म्हणजे तुम्हाला, आणि पुन्हा विज्ञानाचं पुस्तक उघडून बसली. म्हणून हे दुसरं पत्र.

मोईनच्या कामाचं विचारलं होतं. पगाराचा आकडा ठाऊक असेल तर तोही लिहा, म्हणजे मला अंदाज येईल.

सबिना


शेळगाव, ता. इंदापूर
१३ जुलै २०२५

चि. सबिना हिस दस्तगीरचा दुवा.

तुजी दोनी पत्रं पोचली. पहिल्याला उत्तर दिलं न्हाय कारण राग आला हुता. राग उतरंल म्हणून थांबलो तर दुसरं आलं. आता लिवतो. चुकलं तर समजून घे, चौथीच्या फुडं माजी शाळा न्हाय.

मोईन इंदापुरात ऱ्हातो. तीन वर्सं झाली, कंपनीत पर्मनंट हाय. हातात बत्तीस हजार येत्यात असं त्योच अम्मीला म्हणला. दुसरीची दोन पोरं हायती. बाई भली हाय, तिच्याबद्दल कायबी बोलायचं न्हाय. आयतवारी येतो, अम्मीच्या गोळ्या आणून देतो. तू सहज इचारलंस, मी सरळ सांगितलं.

आता माजं इचारणं. वकील कशाला लावतीस? पोरीला वर्साला बेचाळीस हजार कमी पडत्यात व्हय?

मी अडाणी असंन पर आंधळा न्हाय. आठ वर्सं झाली, माज्या उसाच्या बिलातनं आसियाची खावटी कापून जाती. दरसाली पावसाळ्यात मोईन फटफटी घिऊन येतो. म्हणतो, "अब्बा चला, खावटीची सही करायचीय." मी सोसायटीत जातो. त्या दिवशी धुतलेला लेंगा न् पांढरा शर्ट घालतो, नातीचं काम हाय म्हणून. सेक्रेटरी म्हणतो हितं करा, तितं करा, मी करतो. मग ऊस गेला, बिल झालं की रक्कम कापत्यात. पहिल्या साली पंचवीस हुती, वाढत वाढत बेचाळीसवर आली. मला वाटलं कोरटानंच वाढवली. पोरगी वाढती तशी खावटी वाढती, बराबर हाय.

अम्मी एकडाव म्हणाली, लई जातंय वो. मी तिला म्हणलं, तुज्या नातीच्या ताटातलं हाय त्ये, त्येवढं बोलू नगंस. तवापासनं घरात कुणी त्याचं नाव काढत न्हाय. मी तुलाबी कंदी बोलून दाखवलं न्हाय. आज्यानं नातीला दिलं तर त्यात बोलायचं काय? पर तू वकील लावतीस म्हणल्यावर माज्या मनाला लागलं. सबिना अशी न्हवती, असं वाटलं.

कपातीची चिठ्ठी पाठवतो. वाच. तू तर कागदातलीच हायस.

पोरीची उंची लिवलीस, ब्येस वाटलं. आमच्या घरात समदी बुटकी.

दस्तगीर


बारामती
१९ जुलै २०२५

अब्बा, सलाम.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिली दोन फाडली. एकात मी फार शहाणपणा केला होता आणि दुसऱ्यात नुसतीच रडले होते. आता फक्त काय आहे ते लिहिते.

तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठीवर तुमचं नाव आहे, सभासद नंबर आहे आणि कपातीच्या तीन ओळी आहेत. तिसऱ्या ओळीत खावटी असं लिहून पुढं बेचाळीस हजार तीनशे साठ असा आकडा आहे. अब्बा, ही ती खावटी नाही. हे खावटी कर्ज आहे. सभासदाला घरखर्चासाठी सोसायटी ते देते आणि ऊस गेला की बिलातून व्याजासकट कापून घेते. कोर्टाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. या दिवसांत त्याचे फॉर्म आमच्याकडं रोज झेरॉक्सला येतात. मी स्वतः शेकड्यानं काढले असतील, आणि मलाही कधी वाटलं नाही की एकच शब्द दोन गोष्टींना आहे आणि एखादा माणूस दोन्हींच्या मधे उभा असेल.

आसियाच्या खात्यावर वर्षाला अठरा हजार येतात. बेचाळीस नाही. पासबुकाची नक्कल सोबत आहे, तारखा जुळवून बघा. तुमची सही झाली की पंधरा दिवसांत पैसे जमा झालेले दिसतील. म्हणजे अठरा त्यातूनच येत होते. उरलेल्याचं काय होत होतं ते मोईनना माहीत. त्यांनी तुम्हाला नेमकं काय सांगितलं, हेही मला माहीत नाही, तेव्हा ते खोटं बोलले असं मी म्हणणार नाही.

पण तुम्ही आठ वर्षं धुतलेला लेंगा घालून कर्जावर सही करायला जात होतात. हे वाचल्यावर मी शटर अर्धं ओढून आत बसले आणि रडले. भाईंना वाटलं गल्ल्यात काही चूक निघाली.

आता माझं. तुमच्या बिलाचा कागद उलगडून सांगितला, तर माझाही सांगायला हवा.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की अजून काहीही ठरवलेलं नाही. ते खोटं होतं. वकीलपत्रावर मी ईदच्या दोन दिवस आधीच सही केली होती आणि फीची अर्धी रक्कम दिली होती. तुमचं मत मी नंतर विचारलं. परवा गेले, नुसतं विचारायला, असं जे दुसऱ्या पत्रात लिहिलं, तेही खोटं.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. मोईन कुठं कामाला आहेत हा प्रश्न माझा नव्हता. रेश्मा मॅडम म्हणाल्या होत्या, सासऱ्यांना पत्र लिहिता ना, मग सहज विचारून घ्या. सहज हा शब्दसुद्धा त्यांचा. तुमच्या हातचं पत्र कोर्टात पुरावा म्हणून दाखवता येतं. तुम्ही सरळ सांगितलंत, आणि मी ते घेऊन वर त्यांच्या ऑफिसात जाणार होते. जिन्याच्या पाच पायऱ्या चढलेही होते.

म्हणून तुमचं पत्र आणि चिठ्ठी परत पाठवते आहे. त्यांची नक्कल काढलेली नाही. झेरॉक्सच्या दुकानात बसून हे मी तुम्हाला लिहिते आहे, तेव्हा विश्वास ठेवणं अवघड आहे. तरी ठेवा.

मी वकीलपत्र मागं घेणार आहे. खूप विचार केला. खावटी वाढली तर मोईन वाढीव रकमेचा फॉर्म आणतील, आणि तुम्ही वाढीव रकमेवर सही कराल, कारण तुम्ही नाही म्हणणार नाही. आसियाला रिक्षात बसवायला तुमचं कर्ज वाढवायचं असेल तर ती पायी जाईल. मॅडमना अर्ज थांबवायला सांगितलं. त्या म्हणाल्या, घाई करू नका, महिनाअखेरपर्यंत विचार करा. मी म्हटलं, विचार झाला.

तुम्ही यंदा सही करायची की नाही, ते तुम्ही ठरवा. मी त्यात काही बोलणार नाही. बोलायचा हक्क मी गेल्या महिन्यात घालवला.

सबिना


शेळगाव
६ ऑगस्ट २०२५

चि. सबिना हिस दुवा.

तुजं पत्र मी तीनदा वाचलं. मग सोसायटीत गेलो न् सेक्रेटरी म्हस्कूला वाचाय लावलं. त्यो म्हणला, "तात्या, बाईनं बराबर लिवलंय. ही घरखर्चाची खावटी. कोरटाची खावटी आमच्याकडं नसती."

मी म्हणलं, "मग आठ वर्सं सांगितलं का न्हाय?"

"तुमी कवा इचारलं?"

त्येचंबी खरं हाय. सहीच्या दिवशी मी त्येला म्हणायचो, नातीचं काम हाय, नीट कर. त्येला वाटायचं नातीच्या लग्नाचं कायतरी साठवतोय म्हातारा. तितं बसलेली दोन माणसं हसली. म्हस्कू हसला न्हाय.

गेल्या आयतवारी मोईन आला. दारातनंच म्हणला, "अब्बा चला, खावटीची सही राह्यलीय."

मी म्हणलं, "कुणाची खावटी?"

"म्हंजी?"

"माजी का पोरीची?"

किल्ली हातात घिऊन उभा ऱ्हायला. मग म्हणला, "अब्बा, मी कंदी तुमाला पोरीची म्हणलो न्हाय."

त्ये खरं हाय सबिना. मी लई आठवून बघितलं. त्यो कंदीच तसं म्हणला न्हाय. मीच म्हणायचो, फटफटीवर मागं बसून, आसियाची खावटी, आसियाची खावटी. त्यो फुडं बघून गाडी चालवायचा.

मी सही केली न्हाय. त्यो गेला. त्येला दहा दीस झाल्यासारकं वाटतंय, पर झालं तीनच. अम्मीच्या गोळ्या आणायला काल मीच येष्टीनं इंदापूरला गेलो. अम्मी माज्यासंगं बोलत न्हाय. ताट वाढती, पाणी देती, बोलत न्हाय. म्हणती, पोरगं तोडलंस. म्हातारपणी ह्ये ऐकायला लागलं.

आता तुजं. तू लिवलंस, मी फसवलं. व्हय, फसवलंस. मला वाईट वाटलं. पर तू सांगितलंस. त्येनं गाडी चालवली.

वकील मागं घिऊ नगंस. ठेव. तू म्हणतीस माजं कर्ज वाढंल. कसं वाढंल? सही मी करायची हाय, न् आता मला वाचता येतंय. पोरीचा बाप जित्ता हाय, कमवता हाय. बाप जित्ता असताना आज्यानं खावटी भरायची म्हंजी लेकाला मेला म्हणायचं. आठ वर्सं मी त्येच केलं, न कळता केलं. आता कळून करणार न्हाय.

तू परत पाठवलेलं पत्र चुलीत घातलं. कोरटाला म्हाताऱ्याचा कागद कशाला पायजे? म्हातारा हाय की. पगार किती त्ये मी तोंडानं सांगन. तारीख कळव, येष्टीनं येतो. पोरगीबी बघून हुईल.

दस्तगीर


बारामती
१८ ऑगस्ट २०२५

मोईन यांस,

मायना काय लिहावा हे सुचलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. नऊ वर्षांत हे पहिलं पत्र. जमातीनं लिहायला मनाई केली नव्हती, आपणच लिहिलं नाही.

आसियाची खावटी वाढवून मिळावी असा अर्ज गेल्या गुरुवारी कोर्टात दिला. मी वकील ठेवला आहे. येत्या काही दिवसांत तुम्हाला नोटीस येईल. ती पोस्टमननं तुमच्या मुलांसमोर हातात ठेवावी आणि तुम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळावं, हे बरं दिसत नाही, म्हणून आधी कळवते.

रक्कम दर महिन्याला तुमच्या पगारातून थेट तिच्या खात्यावर यावी, असं अर्जात मागितलं आहे. यंदा ऑगस्टचे पैसे आले नाहीत. का आले नाहीत ते मला माहीत आहे.

सोसायटीबद्दल अर्जात एक अक्षर नाही. इतकी वर्षं पैसे कुणाच्या उसातून आले, तेही नाही. वकील म्हणाल्या, लिहा, अर्जाला वजन येईल. मी नको म्हणाले. ते तुमच्या घरातलं आहे, कोर्टातलं नाही. तुमच्यावर माझा राग आहे का, असं कुणी विचारलं तर आहे. पण तो आसियाच्या नावाखाली मांडायचा नाही एवढं मी ठरवलं आहे.

अम्मींच्या गोळ्यांसाठी अब्बा एसटीनं इंदापूरला जातात. त्याचा आणि या अर्जाचा संबंध लावू नका. तुम्ही पूर्वी जात होता तसे जा. अम्मींनी कुणावर अर्ज केलेला नाही.

आता शेवटचं, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. तारखेला तुम्हाला उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल. त्यात पगाराचा आकडा तुमच्या हातानं लिहायचा असतो. मागच्या वेळी रोजानं जातो असं तुम्ही सांगितलंत, ते खरं होतं, म्हणून कुणी काही बोललं नाही. या वेळी आकडा कमी लिहिला तर खरा आकडा सांगायला माणूस आहे. अब्बा स्वतः येतो म्हणाले आहेत. साक्षीदारांमध्ये मी त्यांचं नाव दिलेलं नाही. वकील रोज मागतात, मी रोज उद्या सांगते म्हणते.

पण अब्बांना तुम्ही ओळखता. आकडा खोटा आहे असं त्यांच्या कानावर गेलं, तर ते कुणी न बोलावता येतील. धुतलेले कपडे घालून साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहतील, आणि भरल्या कोर्टात तुमच्याकडं बोट करून तुमचा पगार सांगतील. घरी परत गेल्यावर अम्मी त्यांच्याशी बोलतील की नाही, ते मला माहीत नाही. मी त्यांना अडवू शकत नाही. तुम्ही अडवू शकता. खरं लिहा.

सबिना
आसियाची आई